डॉक्टर की मास्तर? अकरावीचा फॉर्म भरण्याआधी



दहावीचा निकाल लागला की आपल्या कार्यक्षेत्रातील घराघरात एकच विषय निघतो. गट ऑफिसच्या ओट्यावर बसा, डेअरीत दूध घालायला जा, सोसायटीत खत उचलायला जा, बोलणे तेच. पोराला पुढे काय करायचे? मार्क नव्वदच्या वर असतील तर उत्तर ठरलेले असते, "सायन्सला घाला, डॉक्टर करू." ऐंशी असतील तरी उत्तर तेच, फक्त आवाज थोडा खाली येतो. आणि साठ असतील तर, "बघू, नाहीतर मास्तर तरी होईल." या "मास्तर तरी" मधल्या "तरी" बद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. पण त्याहून निकडीचा प्रश्न विषय कोणते घ्यावेत हा आहे, कारण ती गाठ एकदा बसली की सुटत नाही. तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले आणि घरचा ऊसही पिकवला, म्हणून दोन्ही बाजूंनी हा हिशोब मला मांडता येतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. डॉक्टरकी आणि शिक्षकी या दोन वाटा बारावीपर्यंत, आणि थोडी काळजी घेतली तर त्याच्याही पुढे एक वर्ष, एकाच बांधावरून जातात. त्या एकत्र चालतील असेच विषय घ्यावेत. आणि नीटच्या परीक्षेला दोनदा बसावे, तिसऱ्यांदा बसू नये.

अमेरिकेत गेलेली आपल्या भागातली पोरे सांगतात की तिकडे मेडिकलला जाण्याआधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. त्या पदवीला मुख्य विषय कोणताही चालतो. इतिहास घ्या, संगीत घ्या, फक्त जीवशास्त्र, रसायन, भौतिक यांचे ठरावीक अभ्यासक्रम पुरे करा आणि त्यांची प्रवेश परीक्षा द्या. म्हणजे तिकडच्या मुलाला एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ठरवायची मुभा आहे. आपल्याकडे ते पंधराव्या वर्षी ठरते, तेही पोराने ठरवलेले नसते. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. तालुक्याच्या सेतू केंद्रात गर्दी असते, मागचा माणूस घाई करतो, आणि कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा विचारतो, "ग्रुप कोणता टाकू?" बाप म्हणतो, "डॉक्टरचा टाक."

आता हा "डॉक्टरचा ग्रुप" काय आहे ते नीट पाहू. एम.बी.बी.एस. साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी पाहिजे. गणित लागत नाही. म्हणून अनेक ठिकाणी, विशेषतः क्लासवाले, सल्ला देतात की गणित सोडा, त्याऐवजी एखादा सोपा विषय घ्या, तेवढाच नीटला वेळ मिळेल. वरवर पाहता हे खरे वाटते. नीटच्या पेपरात १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. त्यातले ९० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. गणिताचा एकही प्रश्न नाही. मग गणित कशाला ओढायचे?

माझे उत्तर असे की गणित सोडल्याबरोबर मुलाच्या मागची दारे एकेक करून बंद होतात. इंजिनिअरिंग बंद, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे. पण बी.एस्सी. ला गणित घेता येत नाही, भौतिकशास्त्र घेतले तरी पहिल्याच वर्षी दम लागतो, हे कोणी सांगत नाही. आणि पुढे मास्तर व्हायचे म्हटले तर शाळांना हवा असतो तो गणित-विज्ञानाचा मास्तर. सहावी ते आठवीच्या शिक्षकासाठी जी पात्रता परीक्षा असते, टी.ई.टी. चा दुसरा पेपर, त्यात गणित व विज्ञान हा एकच एकत्र विभाग आहे. गणित दहावीलाच सोडलेल्या मुलाने तो सोडवायचा कसा? तेव्हा भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित असे चारही विषय घेऊनच अकरावीला बसवावे. पोरगा गणितात अगदीच कच्चा असेल, रडतच असेल, तर गोष्ट वेगळी. पण "वेळ वाचतो" एवढ्या कारणाने सोडू नये. ऊसाच्या सरीत आपण हरभरा घेतोच की. लागण बिघडत नाही आणि पदरात काहीतरी पडते.

नीटचे आकडे मात्र डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत. २०२५ साली देशभरातून २२ लाखांवर मुले या परीक्षेला बसली. १२ लाखांवर "पात्र" ठरली. एम.बी.बी.एस. च्या सगळ्या देशातील जागा, सरकारी आणि खाजगी मिळून, सव्वा लाखाच्या आतबाहेर आहेत, आणि त्यात सरकारी साधारण निम्म्या. म्हणजे "नीट पास झाला" म्हणून आपण पेढे वाटतो, त्यातल्या दहापैकी नऊ जणांना डॉक्टरकीची जागा मिळत नाही. पात्र होणे म्हणजे प्रवेश नव्हे. हे वाक्य मी प्रत्येक पालकाला दोनदा म्हणायला लावतो. त्यानंतर मग खाजगी कॉलेजची चौकशी सुरू होते आणि तिथली वर्षाची फी ऐकून माणूस गप्प होतो.

या बाबतीत ऊसपट्ट्याचा इतिहास विसरू नये. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना वाट मोकळी केली आणि पुढच्याच वर्षी, १९८४ साली, प्रवरा भागात लोणीला आणि कृष्णाकाठी कराडला मेडिकल कॉलेजे उभी राहिली. त्याआधी आपल्या बाजूच्या मुलाला मिरज नाहीतर पुणे, सोलापूर एवढेच ठाऊक होते. ग्रामीण भागात दवाखाने आले, शस्त्रक्रिया होऊ लागल्या, हे उपकार कोणी नाकारू नयेत. पण विनाअनुदानित याचा अर्थच असा की खर्च विद्यार्थ्याने भरायचा, आणि दोन-तीन एकराच्या सभासदाला तो पेलत नाही. आपल्या बहुसंख्य मुलांच्या दृष्टीने खरी जागा म्हणजे सरकारी जागा किंवा शासनाच्या प्रवेश फेरीतून सवलतीने मिळणारी जागा.

आता रिपीटचा हिशोब. बारावीनंतर पहिल्या वेळेला मार्क कमी पडले की मुलगा म्हणतो, एक वर्ष रिपीट करतो. लातूर, नांदेड, कोणी थेट राजस्थानात कोट्याला. क्लासची फी, खोली, मेस, टेस्ट सिरीज, जाणे-येणे धरून दोन लाख रुपये कुठे गेले कळत नाही. आपला हिशोब आपल्या भाषेत करू. एकरी ४० टन उतारा आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३ हजार रुपये हातात आले असे धरा, एकराचे १ लाख २० हजार झाले. त्यातून बेणे, नांगरट, खत, पाणीपट्टी, भांगलण, सोसायटीचे व्याज काढले तर साठ हजार राहिले तर देवाची कृपा. म्हणजे एक रिपीट म्हणजे तीन एकरांवर ऊसाचा वर्षाचा निव्वळ नफा. एकदा खर्च करायला माझी ना नाही. पोराला पहिल्या प्रयत्नात साडेचारशे-पाचशे पडले असतील, अभ्यास खरोखर केला असेल, तर एक संधी द्यावीच. पण अडीचशे मार्कांवरचा मुलगा वर्षभर बाहेर ठेवून सहाशेवर जाईल ही आशा धरणे म्हणजे क्षारपड रानात आडसाली लावून शंभर टनाची वाट पाहणे. तिसऱ्या रिपीटला बसलेली, वयाच्या एकविसाव्या वर्षी बारावीच्याच पुस्तकात मान घातलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांची हुशारी संपलेली नसते, उमेद संपलेली असते.

मग करावे काय? रिपीटच्या वर्षी मुलाला घरी किंवा नुसते क्लासला न ठेवता बी.एस्सी. च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन ठेवावा. तालुक्याच्या कॉलेजची फी थोडी असते. नीट जमली तर ती सोडून जाता येते, नाही जमली तर वर्ष वाया गेलेले नसते. "दोन्ही दगडांवर पाय" असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. वर्षभर कॉलेजात प्रयोग केले, मॅडमनी चार प्रश्न विचारले, तर नीटच्या तयारीला त्याने तोटा होत नाही.

बी.एस्सी. ला मुख्य विषय कोणता? नव्या शैक्षणिक धोरणाने २०२४-२५ पासून आपल्याकडच्या कॉलेजांतही मेजर आणि मायनर हे शब्द आले आहेत. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय. पालकांना वाटते काहीतरी नवीन भानगड आहे, कॉलेजचा क्लार्क सांगेल ते टिक करायचे. तसे करू नये, कारण पुढे बी.एड. ला शाळेतील कोणत्या विषयाची अध्यापन पद्धती मिळणार आणि नोकरीच्या जाहिरातीत कोणत्या रकान्यात बसणार, हे पदवीच्या विषयांवरच ठरते. माझी शिफारस अशी, की डॉक्टर की मास्तर हे नक्की होत नसलेल्या मुलाने रसायनशास्त्र मुख्य घ्यावे आणि जोडीला गणित किंवा भौतिक. जीवशास्त्राची खरी आवड असेल तर प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र. रसायनवाला शाळेत विज्ञान शिकवतो, एम.एस्सी. आणि बी.एड. केले तर ज्युनिअर कॉलेजला शिकवतो, आणि यातले काही नाही जमले तरी साखर कारखान्याची लॅब त्याला ओळखते. आपल्याच कारखान्यात उसाचा ब्रिक्स आणि पोल काढणारी माणसे कोण आहेत? बी.एस्सी. केमिस्ट्रीची मुले. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून उभी आहे, तिथे साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे शिक्षण घेता येते. भौतिक आणि गणिताला मुले कमी जातात, म्हणून त्या विषयांचा चांगला शिक्षक शोधून सापडत नाही, हा मुख्याध्यापकांचा नेहमीचा अनुभव आहे. ज्याला पेलेल त्याने तिकडे जरूर जावे. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान ही नावे आकर्षक आहेत, उद्योगात त्यांना स्थानही आहे; पण शाळेच्या वेळापत्रकात त्या नावाचा तास नसतो. शिक्षकी मनात असेल तर आधी मागच्या भरतीच्या जाहिराती आणून त्यातली विषयांची नावे वाचावीत आणि मग मेजर ठरवावा.

आता "मास्तर तरी" कडे येतो. मास्तरकी ही उरलेल्यांची वाट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी वर्षे मोजावीत. एम.बी.बी.एस. साडेचार वर्षांचे आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच. हायस्कूलचा मास्तर व्हायला बी.एस्सी. ची तीन वर्षे आणि बी.एड. ची दोन, एकूण पाच. पूर्वी बी.एड. एका वर्षात व्हायचे, २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. त्यावर टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी, आणि मग पवित्र पोर्टल. पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचा डी.एल.एड., म्हणजे आपले जुने डी.एड., आणि टी.ई.टी. चा पहिला पेपर. १५० पैकी ९० गुण लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. बी.एड. वाल्याला प्राथमिकला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. तेव्हा "आधी बी.एड. करू, मग जिल्हा परिषदेत कुठेतरी चिकटू" असे ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाने, सेवेची पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या कामावरच्या शिक्षकांनाही टी.ई.टी. दोन वर्षांत पास व्हा असे सांगितले. मास्तर व्हायला अभ्यास लागत नाही हे जुने बोलणे आता कोणी बोलू नये.

ही वाट सोपी आहे असेही मी सांगणार नाही. २०१२ पासून कित्येक वर्षे शिक्षक भरती बंद होती. गावोगावी निघालेली डी.एड. कॉलेजे ओस पडली, आणि पास झालेली मुले ट्रॅक्टरवर बसली किंवा पुण्याला कंपनीत गेली. टेट परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली, म्हणजे आठ वर्षांत तीनदा. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक. २०२३ साली मानधन वाढवून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि ज्युनिअर कॉलेजला २० हजार केले. त्याआधी ते सहा, आठ आणि नऊ हजार होते. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. खाजगी विनाअनुदानित शाळेत तर "ग्रँट येईल" या एका शब्दावर माणसे दहा-दहा वर्षे काढतात. आणि नोकरीसाठी संस्थेला पैसे मोजायचे, त्यासाठी अर्धा एकर काढायचा, हा प्रकार आपल्यात चालतो हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. माझे स्पष्ट मत आहे की जो बाप पैसे भरून पोराला मास्तर करतो, तो त्याला पहिल्या दिवसापासून कर्जदार करतो. त्यापेक्षा टेटचा एक प्रयत्न जास्त केलेला बरा.

तरीही जो मुलगा मनापासून शिक्षक होईल त्याला मी डॉक्टरच्या एक पायरी खाली धरणार नाही. आपला हा सगळा भाग कशाने उभा राहिला? कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली कराडजवळ काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्या शाळांत तयार झालेल्या पिढ्यांनीच पुढे पाणीपुरवठा संस्था, सोसायट्या चालवल्या आणि कारखान्याचे हिशोब तपासले. ज्या वर्गात गणिताचा मास्तर चांगला मिळाला त्या वर्गातून पुढे डॉक्टर आणि इंजिनिअर निघाले, ज्या वर्गात तो नव्हता तिथून निघाले नाहीत. आज शहरातले क्लास फुगले त्याचे एक कारण गावातल्या हायस्कुलात भौतिक-गणिताची जागा रिकामी असणे हेही आहे.

डॉक्टरकीतही एम.बी.बी.एस. म्हणजेच सगळे, असा हट्ट नको. बी.ए.एम.एस., बी.एच.एम.एस. आणि जनावरांच्या डॉक्टरचा बी.व्ही.एस्सी. हेही नीटमधूनच जातात. गोठ्यातली गाय अडली की रात्री कोणाला फोन करायचा याचा अनुभव प्रत्येकाला आहे. या शिक्षणाला जाणारा मुलगा पडेल चेहऱ्याने जातो, आणि गावात परत आल्यावर त्याच्यावाचून कोणाचे चालत नाही.

मुलींबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. अजूनही अनेक घरांत मुलाला क्लास आणि मुलीला डी.एड. अशी वाटणी होते. मुलगी दहा मार्कांनी पुढे असली तरी. मुलीला शिक्षिका व्हायचे असेल तर आनंदच आहे, पण ते तिने सांगितले पाहिजे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओ.बी.सी., एस.ई.बी.सी. आणि ई.डब्ल्यू.एस. मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे, शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला तर. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. दाखले मात्र वेळेवर हवेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रीमिलेअर, ही कागदे प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलला जाऊन मिळत नाहीत. गळीत हंगाम संपला की एप्रिलमध्येच त्या कामाला लागावे.

पोराचा कल ओळखायचा कसा, असे पालक विचारतात. मी एवढेच सांगतो की आठ दिवस त्याला सरकारी दवाखान्यात ओळखीच्या डॉक्टरांजवळ बसू द्या. जखमा, उलट्या, रात्री दोनला उठवणारे नातेवाईक हे बघून तो परत जायला राजी आहे का पाहा. आणि आठ दिवस धाकट्या भावंडांना, शेजारच्या पोरांना अपूर्णांक शिकवायला बसवा. तिसऱ्या वेळेला तेच विचारल्यावर चिडतो की वेगळ्या रीतीने सांगतो, हे बघा. मार्कलिस्टपेक्षा या पंधरा दिवसांत जास्त कळते. आणि नीटचा पेपर मराठीतूनही घेता येतो, फॉर्म भरताना तशी निवड करावी लागते, हेही मराठी माध्यमाच्या मुलांना माहीत असू द्यावे.

शेवटी संचालक मंडळाला एक विनंती. आपल्या ऊस बिलातून निरनिराळ्या निधींसाठी कपात होते, त्याला सभासदांची हरकत नाही. त्यातून थोडी रक्कम काढून दरवर्षी जानेवारीत प्रत्येक गट ऑफिसवर एक दिवसाचा मार्गदर्शन मेळावा ठेवावा. जूनमध्ये नको, तेव्हा फॉर्म भरून झालेले असतात. जानेवारीत तोडी चालू असतात, म्हणून वेळ संध्याकाळची असावी. बोलायला मोठा पाहुणा नको. कार्यक्षेत्रातलीच गेल्या दोन वर्षांत मेडिकलला लागलेली दोन मुले, रिपीट करून परत आलेली दोन, टेट पास झालेले दोन शिक्षक आणि आपल्या लॅबमधला एक केमिस्ट यांना समोर बसवावे, आणि बापांआधी पोरांना प्रश्न विचारू द्यावेत. गट ऑफिसच्या फळ्यावर ऊस नोंदीच्या तारखांबरोबर नीट, सी.ई.टी., टी.ई.टी. आणि दाखल्यांच्या तारखाही लिहाव्यात. चिटबॉय रोज प्रत्येकाच्या फडावर जातोच, त्याच्या हाती एक छापील कागद दिला तरी पुष्कळ काम होईल.

— एक सभासद, निवृत्त मुख्याध्यापक